हिंगणघाटची संत्री

मी एकदा आष्टी तालुक्यातल्या संत्र्याच्या सगळ्या बागा उचलून हिंगणघाटला नेऊन ठेवल्या होत्या. ट्रक लागला नाही, हमाल लागले नाहीत. आठ संगणक, एक फाईल आणि माझी अक्कल, एवढ्यात काम झालं. बरं, चोरून केलं असंही नाही. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, आठ तालुक्यांचे आठ मानकरी, त्यांचे ड्रायव्हर आणि फोटोवाला, इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर केलं आणि वर टाळ्यांची वाट पाहत उभी राहिले.

वर्धा जिल्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आर्वी, आष्टी, कारंजा ही आमची वरची बाजू, तिकडे संत्रा. हिंगणघाट, समुद्रपूर ही खालची बाजू, तिकडे कापूस, सोयाबीन आणि सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून उडणारी रुई. हिंगणघाटात संत्रं दिसतं ते ठेल्यावर. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. माझ्या प्रोग्रामला माहीत नव्हतं, आणि माझा स्वतःपेक्षा प्रोग्रामवर जास्त विश्वास होता.

तेव्हाच्या त्या बाईचं, म्हणजे माझंच, थोडं वर्णन आधीच करून टाकते, म्हणजे पुढे कोणाला तिची दया यायची नाही. वय पस्तिशीच्या आसपास. माहेर देवळीचं. पुण्याला दोन वर्षं राहून एम. टेक. करून आलेली. त्या दोन वर्षांत तिनं जिभेवरचं मले-तुले असं खरवडून काढलं होतं, की जशी काही पाळण्यातच शुद्ध बोलली. देवळीच्या बसमध्ये माहेरच्या गल्लीतली एखादी काकू भेटायची, म्हणायची, "काऊन वं, केव्हा आली?" तर ही म्हणायची, "मी कालच आले, आपण कशा आहात?" काकू बिचारी मागे वळून पाहायची, की ही बोलून कोणाशी राह्यली. साडीला चार पिना, हातात जाड पुस्तक, वर्गात उभं राहणं असं की फळ्यानंच उठून नमस्कार करावा. आज ती मला वर्ध्याच्या रस्त्यावर भेटली तर मी नातीला जवळ ओढून सांगीन, "हिच्यापासून लांब राहा गं, चावते."

नोकरी मात्र या थाटाला शोभणारी नव्हती. वर्ध्याबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी करारावर होते. उन्हाळा आला की नोकरी संपायची, पावसाळ्यात परत लागायची, लागली तर. त्या वर्षी आमच्या विभागात एक कायमची जागा मंजूर झाली. एकच. आणि करारावर आम्ही दोघी.

दुसरी माझ्याहून बरीच लहान, अल्लीपूरची. रोज हिंगणघाटहून बस बदलून यायची, डबा खिडकीत ठेवायची आणि वर्गात अल्लीपूरची भाषा जशीच्या तशी बोलायची. "पोट्टेहो, हे मेमरी भरली का मंग बोंबलते." पोरांना तिचं सगळं समजायचं. माझं वर्गात काहीच समजत नव्हतं, पण ते मला विद्वत्तेचं लक्षण वाटायचं.

जागेचं जाहीर झालं तेव्हा अध्यक्षांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "मुलाखत-बिलाखत होईलच. पण पहिले काहीतरी करून दाखवा. जिल्ह्यात बोलबाला झाला पाहिजे." अध्यक्षांच्या स्वतःच्या आष्टीकडे संत्र्याच्या बागा होत्या. बोलताना ते हवेतच फळ तोडल्यासारखा हात फिरवायचे.

मी लगेच म्हटलं, "मी करते." तिला बोलायला जागाच ठेवली नाही. करून दाखवायचं ते मी, कायम व्हायचं ते मी.

माझा बेत भारी होता, हे आजही कबूल करते. ऑफिसनं काढून टाकलेले आठ संगणक लॅबमध्ये भिंतीला लावून एका ओळीत मांडले आणि केबलनं जोडले. जिल्ह्याचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र मिळवलं. रंगावरून संगणकानं ओळखायचं, इथे कापूस, इथे तूर, इथे संत्रा. हे सगळं एकटं मशीन करायला बसलं तर मी घरी जाऊन स्वयंपाक करून, जेवून, भांडी आवरून परत यावं तरी ते अर्ध्यात. पण जिल्ह्यात तालुके आठ, मशीन आठ. प्रत्येकाला एक तालुका वाटून दिला की चहा संपायच्या आत काम खलास. एकच काम अनेक मशीननी एकाच वेळी वाटून करायचं, यालाच पॅरलल कम्प्युटिंग म्हणतात. तेव्हा आमच्या भागात हा शब्द उच्चारता येणारी मी एकटीच, असा माझा समज होता.

प्रत्येक मॉनिटरच्या डोक्यावर मी स्केच पेननं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी, कारंजा. जिल्ह्याचं चित्र मात्र एकाच फाईलमध्ये होतं, याच क्रमानं, एका तालुक्यामागे दुसरा. ती फाईल एका नवव्या मशीनवर ठेवली. आठही जणांनी तिथूनच वाचायचं.

इथेच मेख होती, म्हणून जरा थांबून सांगते.

आमच्या गल्लीत बायका मिळून पोथी वाचतात. याच्या दोन रीती आहेत. एक रीत अशी, की अध्याय आधीच वाटून द्यायचे. तुझा तिसरा, माझा सातवा. प्रत्येकीनं आपल्या अध्यायापाशी आपली खूण घालायची आणि वाचायचं. कोण आधी आली, कोण उशिरा, काही फरक पडत नाही. दुसरी रीत अशी, की चौरंगावर पोथी एक आणि तिच्यात दोरा एक. जी येईल तिनं दोऱ्यापासून पुढचा अध्याय वाचायचा आणि दोरा पुढे सरकवून उठायचं. पोथी पूर्ण होण्याशी मतलब असेल तर ही रीत फार सोयीची. पण उद्या कोणी विचारलं, सातव्या अध्यायात काय होतं ते कारंजावाल्या बाईंनी सांगावं, तर पंचाईत. कारंजावाल्या बाई लवकर येऊन पहिलाच वाचून गेलेल्या असतात.

फाईलचंही असंच. वाचन कुठवर आलं याची खूण संगणक ठेवतो. ती प्रत्येक मशीनला वेगळी देता येते किंवा सगळ्यांत मिळून एक ठेवता येते. माझ्या कामाला वेगळी खूण पाहिजे होती. प्रत्येक मशीननं आपल्या तालुक्याच्या जागी जाऊन वाचायला पाहिजे होतं. पण तालुके लहान-मोठे, कोणाचा भाग कुठून सुरू होतो ते मांडून द्यावं लागलं असतं. ते मला कारकुनी वाटलं. मी आठांत मिळून एकच दोरा घातला. दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून त्याला कुलूपही केलं, एक वाचत असेल तोवर दुसऱ्यानं थांबायचं. त्या कुलपावर मी इतकी खूश होते की चोर आत बसलाय हे दिसलंच नाही.

दिसणार कसं? आमच्याकडे आठही मशीन एकदम सुरू करायची सोय मी केली नव्हती. मी ओळीच्या एका टोकाला उभी राहायचे आणि चालत चालत एंटर दाबत जायचे. वर्धा, देवळी, सेलू, करत करत कारंजा. फाईलमध्ये तालुक्यांचा क्रम तोच, माझ्या पायांचा क्रम तोच. पहिलं मशीन पहिला भाग वाचायचं, दुसरं दुसरा. पडद्यावर यायचं, आष्टी, मुख्य पीक संत्रा. हिंगणघाट, मुख्य पीक कापूस. दर वेळी बरोबर! प्रोग्राम चुकीचा होता, माझं चालणं बरोबर होतं.

एके दुपारी मी असंच एंटर दाबत कारंजापर्यंत पोचले आणि हात झटकले. अल्लीपूरवाली मागच्या बाकावर पोरांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, एक डाव कारंजाकडून सुरू करून पाहा ना."

"कशाला?"

"उलट्या बाजूनं चालत या. मले वाटते, तुमच्या मशीनी आपापला तालुका वाचून नाई राह्यल्या. जे पुढे येते ते वाचून राह्यल्या. तुमी ओळीनं दाबता म्हणून जमते."

एखाद्या अर्ध्या अकलेच्या बाईलाही इतकं ऐकून घाम फुटला असता. मी म्हणाले, "मले नाही, मला. राह्यल्या नाही, राहिल्या. मुलं ऐकतात."

लॅबमध्ये दोन-चार पोरं होती, ती फिदीफिदी हसली. ती हसली नाही. "बरं. मला वाटतं," ती सावकाश म्हणाली, "निदान प्रत्येक भागाच्या डोक्यावर तालुक्याचं नाव तरी राहू द्या. मशीन वाचेल आणि पाहील, हे आपलं आहे का."

नावं फाईलमध्ये मुळात होती. मीच काढून टाकली होती, फाईल स्वच्छ दिसावी म्हणून. घर स्वच्छ दिसावं म्हणून दरवाज्यावरची पाटी पुसून टाकणारी बाई पाहिली का कोणी? मी आरशात पाहिली आहे.

"तू आधी पहिल्या वर्षाच्या पोरांना बेरीज-वजाबाकीचे प्रोग्राम नीट शिकव," मी म्हणाले. "हा विषय जरा वेगळा आहे. आणि हो, माझ्यासाठी एक चहा सांगतेस का खाली जाता जाता?"

"हो जी," ती म्हणाली आणि गेली. चहा आला. गरम होता, साखर बरोबर होती. मला वाटलं, पोरगी वळणावर येते आहे.

मग कार्यक्रमाची बैठक झाली. प्राचार्यांना उद्घाटनाची चिंता होती. समई लावली तर संगणकाच्या खोलीत धूर, फीत कापली तर जुनंच. तेव्हा अल्लीपूरवाली म्हणाली, "सर, आठ तालुके आहेत तर आठ पाहुणे बोलवा. ज्याच्या-त्याच्या हातानं आपापल्या तालुक्याचं बटन दाबू द्या. आठही जण एका ओळीत. फोटो झकास येईन."

प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले. "वा! याला म्हणतात डोकं."

मला तर भरून आलं. माझ्या कार्यक्रमाला ही शोभा आणते आहे! हरली, मानली, असा मी अर्थ काढला आणि बैठक संपल्यावर तिला कँटीनमध्ये आलूबोंडा खाऊ घातला. तिनं वर लाल तिखट रश्श्याची तर्री मागून घेऊन खाल्ला. मीच आग्रह केला, अजून एक घे.

कार्यक्रमाच्या दिवशी लॅबमध्ये गालिचा अंथरला होता. आष्टीच्या मशीनसमोर अध्यक्ष. हिंगणघाटच्या मशीनसमोर तिथले एक जिनिंगवाले शेठ. देवळीच्या मशीनसमोर तिथल्या पंचायत समितीच्या माजी सभापती बाई, माझ्या माहेरच्या म्हणून मी त्यांना विशेष वाकून नमस्कार केला. समुद्रपूरला एक वयस्कर गृहस्थ, फेटेवाले. बाकीचे चार मला आठवत नाहीत. त्यांना मी आठवत असेन.

प्राचार्यांनी माईकवरून सांगितलं, "मी तीन म्हणताच सर्वांनी एकदम बटन दाबायचं. एक, दोन, तीन!"

काहीच झालं नाही. सात बोटं हवेत आणि सात माना अध्यक्षांकडे. त्यांच्याआधी दाबायची कोणाची छाती? अध्यक्षांनी जाकीट सारखं केलं, फोटोवाल्याकडे पाहिलं, "आलं का?" विचारलं आणि दाबलं. मग स्त्रियांचा मान म्हणून देवळीच्या बाईंनी. मग बाकीच्यांनी आपापल्या वजनाप्रमाणे. हिंगणघाटचे शेठ मोबाईलवर कापसाचा भाव विचारत होते, त्यांचं बोट सातव्या नंबरला पडलं. समुद्रपूरच्या फेटेवाल्यांना एंटर सापडेचना. "ते कोन्तं वं बाई? हे लंबं का?" ते शेवटी.

आपल्या लोकांना आठ बटनं एकदम दाबा म्हणणं म्हणजे आठ व्याह्यांना एकदम जेवायला बसा म्हणणं. मी याच मातीतली, माझ्या लक्षात यायला नको होतं? माझ्या नाही आलं. जिच्या यायचं तिच्या आलं होतं. ती दाराशी हारांचं तबक धरून उभी होती.

पहिला पडदा उजळला तो आष्टीचा. अध्यक्ष वाकले आणि मोठ्यानं वाचू लागले. "तालुका आष्टी. मुख्य पीक कापूस. संत्रा..." ते थांबले. चष्मा वर केला. "संत्रा आढळला नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, सकाळी तं होता."

तेवढ्यात हिंगणघाटचे शेठ फोनवर म्हणाले, "अरे थांब जरासा, माझ्या इथं संत्रा निघाला." समुद्रपूरच्या फेटेवाल्यांच्या पडद्यावरही संत्राच. ते शेजारच्याला म्हणाले, "पाणी कुठून देतीन?" देवळीचा भाग फाईलमध्ये दुसरा आणि देवळीच्या बाईंचं बोटही दुसरं, म्हणून तेवढं एक उत्तर बरोबर आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. माहेरचं माणूस शेवटी माहेरचं.

प्राचार्य माईकवर आले, "किरकोळ तांत्रिक अडचण! पुन्हा एकदा." मी नवव्या मशीनपाशी जाऊन खूण परत सुरुवातीला आणली. केबल सैल असेल, मी मनाशी म्हणत होते, उंदरानं कुरतडली असेल, मशीन जुनी आहेत. उंदरावर आळ घ्यायला मी तयार होते.

अध्यक्ष म्हणाले, "आता मी शेवटी दाबतो. पाहू कुठं जाते माझी बाग."

त्यांनी शेवटी दाबलं. आष्टीच्या मशीनला शेवटचा भाग मिळाला, म्हणजे कारंजाचा, आणि पडद्यावर संत्रा आला. देवळीला मात्र आता भलतंच काही आलं आणि बाईंच्या टाळ्या बंद झाल्या. हिंगणघाटच्या शेठनी या वेळी पहिलं दाबलं होतं, तिथे निम्मं वर्धा शहर उगवलं.

"समजलं," अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पुढं गेलो तं माझी बाग जाते. मांगं राह्यलो तं वाचते. बाई, तुमची मशीन मानूस पाहून पीक देते का?"

आठही मानकरी हसले. ड्रायव्हरसुद्धा हसले. फोटोवाल्यानं तोही फोटो काढला.

आणि त्या हसण्यात मला समजलं. एकदम, पूर्ण, पायापासून डोक्यापर्यंत समजलं. एक दोरा. आपण चालत होतो म्हणून. उलट्या बाजूनं चालत या.

एखाद्या भल्या बाईनं तिथे म्हटलं असतं, चूक माझी आहे. या बाईनं काय म्हणावं? ती मान ताठ करून शुद्ध मराठीत म्हणाली, "मान्यवरांनी कृपया ओळीनं, क्रमानं बटन दाबलं असतं, तर उत्तर अचूक आलं असतं."

"म्हणजे चूक आमची," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आमी ओळीत चालाचं, मंग तुमची मशीन हुशार. असं तं मेंढ्यायचंही जमते, बाई." मग त्यांनी माझ्यावरून नजर काढली, जशी ताटातल्या माशीवरून काढतात, आणि विचारलं, "इथं कोनाले समजते का हे?"

दारातून आवाज आला, "मले समजते, सर."

तिनं तबक खाली ठेवलं. दोन वाक्यांत सांगितलं. सगळ्या मशीनींनी मिळून एकच खूण ठेवली, म्हणून जो पहिले येते तो पहिला भाग नेते. प्रत्येकाला वेगळी खूण द्या, भागावर नाव ठेवा, मग कोणीही केव्हाही दाबा. हिंगणघाटचे शेठ फोन खिशात ठेवून म्हणाले, "हे तं मलेही समजलं!" मग तिनं पर्स उघडली आणि सीडी काढली. प्रोग्राम आधीच दुरुस्त केलेला, तालुक्यांची नावं असलेली मूळ फाईल आधीच जपून ठेवलेली. पर्समध्ये, रुमालाखाली. आलूबोंडा खाताना ती पर्स तिच्या मांडीवर होती.

"पाहुण्यांचं जेवण होऊ द्या, तवर बसवते," ती प्राचार्यांना म्हणाली.

जेवणाच्या मांडवात प्राचार्यांनी मला वाढायला लावलं. करारावरची माणसं वाढायलाच असतात. पुरी, पाटोडीचा रस्सा, जिलबी. मी जिलबीचं ताट घेऊन फिरत होते आणि अध्यक्ष शेजारच्याला म्हणत होते, "पाहजो बरं, एकाची दुसऱ्याच्या ताटात जाऊन राह्यली असन." समुद्रपूरच्या फेटेवाल्यांनी तर ताटावर हात आडवा धरला. "मले नको बाई, माह्या नावाची तिकडं आष्टीवाल्यायले वाढली असन."

जेवणानंतर पुन्हा लॅब. या वेळी कोणी कोणाची वाट पाहिली नाही. शेठनी आधी दाबलं, बाईंनी मुद्दाम उशिरा दाबलं, अध्यक्षांनी मध्येच. आष्टीला संत्रा, हिंगणघाटला कापूस. पुन्हा केलं, पुन्हा तेच. टाळ्या अशा पडल्या की बाहेर झोपलेला शिपाई जागा झाला. मी भिंतीला टेकून उभी होते. हातांना जिलबीचा पाक होता, म्हणून टाळ्या वाजवता आल्या नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सासूबाई दारातच बसल्या होत्या. चप्पल काढू दिली नाही. "आठ मशिनी, आठ पाव्हणे," त्या म्हणाल्या, "अन् अक्कल एक नाई." नवरा बँकेत कारकून. त्यानं जेवताना फक्त एवढंच विचारलं, "संत्री आणायची आहेत. हिंगणघाटहून आणू का?" सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला, आणि पाणी मलाच आणावं लागलं. कॉलेजात पोरांनी माझं नाव संत्रा मॅडम ठेवलं. पुढच्या बॅचच्या पोरांना कारणही माहीत नसायचं, नाव मात्र तेच. मुलाच्या लग्नात एका माजी विद्यार्थ्यानं आहेर म्हणून संत्र्यांची करंडी दिली, वर बो बांधून.

त्यानंतर हाच विषय मी वर्षानुवर्षं शिकवला, बरा शिकवला. दोरा वाईट नसतो, हेही शिकवायचे. ढिगातलं कोणतंही काम कोणीही उचललं तरी चालत असेल, तर सगळ्यांत मिळून एक खूण ठेवावी, कोणी रिकामं बसत नाही. ज्याचं त्यालाच वाचायचं असेल, तर ज्याची त्याला खूण. आणि पोरांना प्रोग्राम तपासायला लावताना आधी म्हणायचे, उलट्या टोकाकडून चाला, मधूनच सुरू करा, एखादं मशीन मुद्दाम उशिरा चालू करा. ही वाक्यं माझी नव्हती. कोणाची होती, ते मी वर्गात कधी सांगितलं नाही.

त्या जागेची मुलाखत नावाला झाली. मला एकच प्रश्न विचारला गेला, आष्टी जिल्ह्याच्या कोणत्या बाजूला आहे. पॅनेलवर सगळे गंभीर चेहऱ्यानं बसले होते, आणि मी त्याचं उत्तर दिलं, नीट, दिशेसकट.

तिचा नेमणुकीचा कागद आला तेव्हा पावसाळा लागला होता आणि माझा करार अजून नवा झालेला नव्हता. तो नवा करायचा की नाही, यावर आता तिचंही मत घेतलं जाणार होतं. मी तिच्या नव्या खोलीत गेले. अभिनंदन करायला, असं मी स्टाफरूममध्ये सांगून आले होते. ती खिडकीत डबा ठेवत होती. मी दार लावलं. पुण्याहून आणलेली सगळी भाषा त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे, तोंडातून देवळीच निघाली.

"तुले सगळं माहीत होतं," मी म्हणाले. "आठ पाव्हण्यायची गोष्ट तूच काढली. सीडी पर्समध्ये घेऊन फिरत होती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीही आपण सोबत जेवलो. मले एकदा सांगता नाई आलं?"

ती रागावली नाही. लाजलीही नाही. डब्याचं झाकण घट्ट केलं, माझ्याकडे वळली आणि वर्गात पोरांना समजावते तशा आवाजात म्हणाली:

"एकदा तं सांगतलं होतं, मॅडम. दुसऱ्यांदा काऊन सांगू? जागा एकच होती ना. माह्या जागी तुमी असत्या, तं तुमी एकदाबी सांगतलं नसतं."